मागणीपत्र ते करार: युनियनचा उपयोग नेमका कुठे दिसतो

‘आता युनियनचा काय उपयोग?’ असं विचारणाऱ्या कामगाराला मी आधी एकच विचारतो: चालू वेतन कराराची प्रत तुमच्याकडे आहे का? बहुतेक वेळा नसते. पगार किती वाढला हे पाठ असतं, पण तो कोणत्या कलमाने वाढला आणि त्या बदल्यात काय लिहून दिलं हे ठाऊक नसतं. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कारखान्यांच्या वेतन करारांत मी कामगारांच्या बाजूने बसतो. तिथल्या अनुभवावरून सांगतो, युनियन कामाची आहे की नाही हे द्वारसभेतल्या घोषणांवर ठरत नाही, ते करारातल्या पंधरा-वीस ओळींवर ठरतं. त्या ओळी कशा तयार होतात आणि कुठे बिघडतात, ते इथे लिहितो आहे.

आधी टेबलावर बसण्याचा हक्क. महाराष्ट्रात १९७१ च्या मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली, ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के सभासद असतील, तर युनियन औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागू शकते. अर्ज फेटाळला जातो तो बहुधा कागदांवरून. त्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेला माणूस सभासद धरला जात नाही. म्हणून वर्षाची वर्गणी एकदम घेऊन एकच पावती फाडण्याची सवय मोडावी. पावती महिन्यावारी फाडावी, तिच्यावर तिकीट नंबर (कामगाराचा कारखान्यातला क्रमांक) असावा, स्थळप्रत जपून ठेवावी. कार्यकारिणीची बैठक दर तीन महिन्यांच्या आत व्हावी आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिलेले असावेत, हेही याच कायद्यात आहे. ही वही नंतर एका दमात लिहून काढली की तपासणीत लगेच कळतं: शाई एक, अक्षर एक, आणि त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला कामावर असलेल्यांच्या सह्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले गेले. तिच्यात वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. कुणाकडेच तेवढा नसेल, तर २० टक्क्यांवरच्या युनियनांची मिळून परिषद बनते. म्हणजे एका कारखान्यात तीन झेंडे असतील, तर भांडण आधी आपसात मिटवावं लागेल. कागदावरची मान्यता एकाकडे आणि कामगारांचं मन दुसरीकडे असलं की काय होतं, हे मुंबईने १९८२ मध्ये पाहिलं आहे. कायद्याने प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघ होता आणि सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर होते. बोलणी कुणाशी करायची हा प्रश्न सुटला नाही आणि हजारो कामगार परत गिरणीत गेलेच नाहीत.

मागणीपत्राची तयारी चालू करार संपण्याच्या निदान चार महिने आधी सुरू करावी. मुदत संपली म्हणजे करार आपोआप संपत नाही. तो संपवत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यावर साठ दिवस जावे लागतात. ही नोटीस उशिरा दिली की मॅनेजमेंट म्हणते, जुना करार अजून चालू आहे, फरक (मागच्या महिन्यांच्या वाढीची थकबाकी) मागता कसला? नोटिशीची पोच शिक्का, तारीख आणि सहीसह घ्यावी. एचआरने तोंडी ‘मिळालं’ म्हटल्याला काही अर्थ नाही.

मागणीपत्रात पंचेचाळीस मागण्या लिहिण्याची पद्धत मला पटत नाही. टेबलावर त्यातल्या पस्तीस सोडायच्या असतात हे समोरच्यालाही माहीत असतं आणि सोडताना एखादी खरी मागणीही हातची जाते. बारा ते पंधरा मागण्या पुरतात. प्रत्येकीखाली आज काय मिळतं, काय हवं आणि आधार काय, एवढं लिहावं. आधारासाठी कंपनीचा ताळेबंद कंपनी निबंधकाच्या संकेतस्थळावरून थोडी फी भरून मिळतो. नफ्यापेक्षाही विक्रीच्या तुलनेत कामगारांवरचा खर्च किती टक्के आहे हा आकडा गेल्या तीन वर्षांचा काढावा. तो घसरत असेल, तर तेच तुमचं सर्वांत मजबूत पान. फक्त त्या खर्चात अधिकारी आणि संचालकांचे पगारही धरलेले असतात, ते जमेल तितके वेगळे करावेत. नाहीतर पहिल्याच बैठकीत आकडा खोडला जातो.

आता पैशाचं गणित. इथे कामगार सर्वांत जास्त फसतो, म्हणून जरा सविस्तर. समजा, तीन वर्षांत १२,००० रुपये वाढ ठरली. पहिला प्रश्न, ही वाढ ग्रॉसमध्ये (कपातीआधीच्या पगारात) की सीटीसीत (मालकाच्या एकूण खर्चात)? सीटीसीत असेल आणि सगळी रक्कम बेसिकमध्ये टाकली, तरी मालकाचा १२ टक्के पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के त्यातूनच जातात. ग्रॉसमध्ये येतात सुमारे १०,२७३ रुपये. त्यातून कामगाराचा स्वतःचा १२ टक्के पीएफ गेला की हातात ९,०४० च्या आसपास. फलकावर मात्र १२,००० लिहिलेलं असतं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी कामगाराचीच आहे, ती बुडत नाही, पण शेजारच्या कारखान्याच्या ग्रॉसमधल्या ११,००० पेक्षा हा करार मोठा वाटतो, तो मोठा नाही.

दुसरा प्रश्न, कोणत्या वर्षी किती? तेच १२,००० रुपये ५०-२५-२५ टक्क्यांनी दिले, तर ३६ महिन्यांत कामगाराला ३,२४,००० रुपये मिळतात. ४०-३०-३० ने दिले तर ३,०२,४००. आकडा तोच आणि माणशी २१,६०० रुपयांचा फरक. मॅनेजमेंट आकड्यावर चटकन तयार झाली की समजावं, आता टप्प्यांवर ताणणार.

तिसरा प्रश्न, बेसिकमध्ये किती आणि भत्त्यांत किती? ग्रॅच्युइटी बेसिक आणि महागाई भत्त्यावर निघते: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. बेसिकमध्ये ५,००० रुपये जास्त असतील, तर २५ वर्षं नोकरी झालेल्या माणसाला एकट्या ग्रॅच्युइटीत सुमारे ७२,००० रुपये जास्त मिळतात. तरुण कामगारांना हातात येणारी रक्कम हवी असते आणि निवृत्तीला आलेल्यांना बेसिक. हा वाद सभेतच उघड मिटवावा. कमिटीने परस्पर ठरवलं तर पुढच्या निवडणुकीपर्यंत धुसफुस राहते. नव्या कामगार संहितांमधल्या वेतनाच्या व्याख्येमुळे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. त्यामुळे पगार भत्त्यांमध्ये फोडण्याचा जुना फायदा आता कमी झाला आहे. तरी करारात बेसिकचा आकडा वेगळा लिहूनच घ्यावा.

महागाई भत्त्याचं कलम दिसायला छोटं आणि लिहायला अवघड असतं. ‘निर्देशांकाच्या प्रत्येक अंकामागे अमुक रुपये’ एवढंच लिहून भागत नाही. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची आजची मालिका २०१६ ला १०० धरते. ती २००१ च्या मालिकेत न्यायला २.८८ ने, तिथून १९८२ च्या मालिकेत न्यायला ४.६३ ने आणि १९६० च्या मालिकेत न्यायला ४.९३ ने गुणावं लागतं. म्हणजे आजचा एक अंक १९६० च्या मालिकेतले सुमारे ६५.७ अंक. जुन्या कारखान्यांतले दर १९६० च्या मालिकेवर बसवलेले असतात. करारात मालिका आणि गुणक लिहिलेला नसेल, तर नवी मालिका आली की भत्ता अडतो आणि प्रकरण दोन-तीन वर्षं कोर्टात पडून राहतं. कोणत्या तिमाहीची सरासरी कोणत्या महिन्याच्या पगारात धरायची, तेही लिहावं.

वाढीच्या बदल्यात मॅनेजमेंट उत्पादकता मागते. ते गैर नाही, पण ‘१५ टक्के उत्पादनवाढ देण्यास युनियन सहमत आहे’ ही एक ओळ सही करण्यासारखी नाही. ४८० मिनिटांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० आणि चहाची २० मिनिटं काढली तर ४३० राहतात. एका नगाला दोन मिनिटं लागत असतील, तर २१५ नग होतात. १५ टक्के वाढ म्हणजे २४७ नग, म्हणजेच प्रत्येक नगामागे जवळपास १६ सेकंद कमी. हे १६ सेकंद मशीनचा फीड वाढवून येणार, फिक्स्चर (नग धरून ठेवणारी चौकट) बदलून येणार, की माणसाच्या हातापायातून काढणार, याचं उत्तर लाइनवार लिहून घ्यावं लागतं. वेळेचा अभ्यास होताना आपल्या बाजूचा एक प्रशिक्षित माणूस घड्याळ घेऊन उभा असावा. थकव्याची आणि लघवी-पाण्याची सूट मोजमापात धरली आहे का ते त्याने बघावं. मोजणी सकाळी नऊ वाजता तरबेज ऑपरेटरवर करायची आणि आकडा रात्रपाळीला लावायचा, हा प्रकार सर्रास चालतो. मटेरियल नसणं, मशीन बंद पडणं, वीज जाणं, टूल बदलणं हा वेळ टार्गेटमधून वजा होईल आणि त्याची नोंद सुपरवायझर त्याच शिफ्टमध्ये सही करून देईल, हे वाक्य कलमात असलंच पाहिजे. ते नसलं की वर्षभराने मेमो सुरू होतात. पगारवाढ घेताना हे कलम न वाचता सोडणारी कमिटी पुढची तीन वर्षं चौकशांमध्येच अडकते.

बोलणी अडली की समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जावं. तिथे जाणं म्हणजे भांडण वाढवणं, असा गैरसमज आहे. उलट समेट कार्यवाहीत झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, मग ते सभासद असोत वा नसोत, आणि पुढे भरती होणाऱ्यांनाही. बाहेर आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. म्हणून सगळं ठरलं असलं तरी सही समेट अधिकाऱ्यासमोर व्हावी, असा माझा आग्रह असतो. संपाचा मार्ग आता अरुंद झाला आहे. नव्या संहितेत कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत किमान १४ दिवसांची नोटीस लागते, समेट चालू असताना संप करता येत नाही, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. ‘उद्या सगळ्यांनी सुट्टी टाका’ असा मेसेज गटावर टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. नोकरी त्याची एकट्याची जात नाही.

मसुदा हातात आला की शेवटची पानं आधी वाचावीत. तिथे सहसा दोन वाक्यं असतात. एक, ‘या करारात उल्लेख नसलेल्या सर्व मागण्या सोडून दिल्या आहेत’. दुसरं, ‘मुदतीत आर्थिक बोजा पडेल अशी कोणतीही मागणी करणार नाही’. पहिल्याला लागूनच ‘सध्या मिळत असलेल्या सवलती, प्रथा व सोयी आहेत तशा चालू राहतील’ हे घालून घ्यावं, नाहीतर वर्षानुवर्षं मिळणारी बस किंवा दिवाळीची उचल कुणाच्याही लक्षात न येता बंद होते. दुसऱ्यात ‘कायद्यातील बदलामुळे मिळणारे लाभ वगळून’ एवढे शब्द पुरेसे आहेत. करार इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागावी, कलमवार वाचन सभेत करावं आणि मतदान गुप्त घ्यावं. हात वर करून घेतलेल्या मतात सुपरवायझरची भीतीही मोजली जाते. सही प्रत्येक पानावर आणि परिशिष्टांवरही असावी, कारण वेतनश्रेणीचा तक्ता परिशिष्टातच असतो.

सहीनंतर पहिली पगाराची स्लिप येईल तेव्हा प्रत्येक श्रेणीतल्या निदान दोन कामगारांचा हिशेब हाताने करून बघावा. फरकाच्या रकमेवर पीएफ कापला आणि भरला का, त्या काळातल्या ओव्हरटाइमचा दर नव्या पगाराने दुप्पट धरला का, मधल्या काळात निवृत्त झालेल्यांची ग्रॅच्युइटी पुन्हा काढली का? या तिन्ही ठिकाणी गफलत होते. निवृत्त माणूस गेटवर येत नाही, म्हणून त्याचे पैसे राहून जातात. जुन्या वर्षांचा फरक एकरकमी आला की आयकर जास्त कापला जातो. त्यावर सवलत मिळते, पण तिचा वेगळा फॉर्म रिटर्न भरण्याआधी द्यावा लागतो.

एवढं सगळं नीट करणाऱ्या युनियनही एका जागी फार कमी पडत आहेत, आणि हे मला बोचतं. त्याच लाइनवर, त्याच मशीनवर उभा असलेला कंत्राटी कामगार या करारात कुठेच नसतो. अप्रेंटिसला तर कायदा कामगारच मानत नाही. पर्मनंटची संख्या दर वर्षी घटते आणि तीन करारांनंतर वाटाघाटीला बसायला माणसंच उरत नाहीत. म्हणून हल्ली मी चार गोष्टी आग्रहाने सांगतो, पहिली युनियनने स्वतः करायची आणि बाकीच्या तीन मागणीपत्रात घालायच्या: युनियनच्या घटनेत कंत्राटी कामगाराला सभासद होता येईल अशी दुरुस्ती, निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ठरावीक जागा तिथेच काम केलेल्या कंत्राटी कामगारांतून सेवाज्येष्ठतेने भरण्याचं कलम, कंत्राटदार बदलला तरी माणसं तीच ठेवण्याची हमी, आणि कँटीन, बस, सेफ्टी शूज सगळ्यांना सारखे. चौथी मागणी बहुधा पहिल्या-दुसऱ्या बैठकीत मान्य होते. दुसरीला मॅनेजमेंट शेवटपर्यंत अडते, आणि तिथे पर्मनंट कामगारांनी आपल्या वाढीतले दोन-तीनशे रुपये सोडायची तयारी दाखवली तरच ती करारात येते.