भुरीची प्रगती: अंतर निम्म्यावर आले, पण व्हेल्क्रोने घोळ घातला

थ्रेशोल्डचे अंतर, म्हणजे ज्याच्या आत दुसरा कुत्रा आला की माझी कुत्री भुरी बिथरते ते अंतर, कमी करण्याच्या ज्या प्रयत्नाविषयी मागच्या नोंदीत लिहिले होते, त्याला अखेर यश आले आहे. मैदानाच्या पार टोकाला अनोळखी कुत्रा दिसला तरी पाठीवरचे केस फुलवून पट्टा ताणणारी भुरी आता त्याच्या निम्म्या अंतरावरूनही त्याच्याकडे पाहते, कान टवकारते, क्षणभर थबकते आणि मी हाक मारण्याआधीच मान वळवून माझ्याकडे बघते. या एका मान वळवण्यावर किती खाऊ खर्ची पडला, त्याचा हिशेब न केलेलाच बरा.

या आनंदाला गालबोट लावले ते खाऊच्या पिशवीने. आसपास एकही कुत्रा नसताना भुरी मधूनच ताठ होऊन चहूकडे नजर फिरवू लागली, तेव्हा पहिला संशय वाऱ्यावर येणाऱ्या वासावर गेला आणि दुसरा बगलेत घासणाऱ्या हार्नेसवर. परंतु चालण्याची दिशा बदलून आणि हार्नेस सैल करूनही फरक पडला नाही. शेवटी कारण सापडले ते कमरेच्या पिशवीचे व्हेल्क्रो उघडताना होणाऱ्या 'चर्र' आवाजात. माझी नजर उंचावरून लांब पोहोचत असल्याने कुत्रा मला आधी दिसतो, मी तयारीसाठी पिशवी उघडते आणि त्यानंतर तो भुरीला दिसतो. काउंटर-कंडिशनिंगमध्ये, म्हणजे नकोशा गोष्टीची खाऊशी सांगड घालून तिच्याविषयीची भावना बदलण्याच्या पद्धतीत, आधी कुत्रा दिसायला हवा आणि मग खाऊ मिळायला हवा, हा क्रम तर आपल्याला पाठच आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत मेट्रोनोमची टिकटिक अन्नाची वर्दी देत असे, तर इथे व्हेल्क्रोची चरचर कुत्रा येत असल्याची वर्दी देऊ लागली होती. अशा पिशव्या बनवणाऱ्यांनी त्या एकदा तरी कुत्र्याच्या कानाजवळ उघडून पाहाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुंबकाने बंद होणारी पिशवी घ्यायची, असे ठरवून ही नोंद लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता निराळेच सुचले. हा आवाज भुरीच्या मनात इतका पक्का बसलाच आहे, तर त्याचा अर्थच का बदलू नये? घरात शांतपणे 'चर्र' करायचे आणि लगेच जमिनीवर खाऊ विखरायचा. आवाज ऐकताच नाक खाली जाऊ लागले की तोच प्रयोग रिकाम्या रस्त्यावर आणि त्यानंतरच कुत्र्यांच्या आसपास करायचा. नाक जमिनीला लागले की टक लावून बघणे आपोआप तुटते, आणि भांडणाची सुरुवात बहुधा त्या रोखून पाहण्यातूनच होते.

मोकाट कुत्रा थेट अंगावर चालून आला, तर मात्र यातले काहीच पुरे पडत नाही. तेव्हा भुरीला मागे घेऊन मध्ये उभे राहायचे, मूठभर खाऊ त्या कुत्र्याच्या पुढ्यात फेकायचा आणि तो खाण्यात गुंतला की यू-टर्न घ्यायचा. परवा हा उपाय उत्तम लागू पडला. त्या कुत्र्याची शेपूट हलत होती खरी, पण ती उंच आणि ताठ होती, तोंड घट्ट मिटलेले होते आणि सारा भार पुढच्या पायांवर होता; तेव्हा नुसत्या हलत्या शेपटीवर भिस्त ठेवू नये. लांबी आपोआप कमी-जास्त होणाऱ्या पट्ट्यांबद्दल मी पूर्वी लिहिले आहे आणि मत बदललेले नाही: ऐन वेळी कुत्रा जवळ घेता येत नाही आणि दोरीने हात कापतो तो वेगळाच.

ओळखीच्या कुत्र्यासोबत समांतर चालण्याचा सराव तूर्त पुढे ढकलला आहे. चुंबकवाली पिशवी तरीही घेणार आहे. व्हेल्क्रोची पिशवी फक्त जमिनीवरच्या खाऊसाठी राहील.