महालातला वाडा आणि सिमेंटचा घोळ

नागपूरकर भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या बेसाल्टचा, वर भरगच्च कोरीव लाकूडकाम. १८६४ च्या आगीत तो गेला. राहिलं ते मोठं प्रवेशद्वार. नागपूरच्या महाल या जुन्या भागात उरलेल्या वाड्यांचा ढाचा ओळखीचाच: मधे चौक, भोवती ओसरी, दगडी तळखड्यांवर, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर, सागवानी खांब.

खांब कुजतो तो बहुधा बुडातून. चौकात फरशीवर फरशी चढवली की तळखडा पुरला जातो आणि लाकूड थेट ओलीत बसतं. आधी फरशी उचलून तळखडा मोकळा करा, पॉलिशचं मग बघू.

भिंतींचं तर विचारूच नका! जो तो सिमेंटचा गिलावा थापतो. चुन्यात बांधलेल्या विटांची ओल मग बाहेर पडत नाही, क्षार फुगतात, पोपडे सुटतात, विटेचा भुगा होतो. सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढावं. विटांमधल्या दरजा (सांधे) दोनेक सेंटिमीटर खरवडून, पाणी मारून, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू दाबून भरावी. वर आठवडाभर ओलं गोणपाट. हे काम दिवाळीनंतर काढावं. मे महिन्यातल्या नागपुरी उन्हात पाणी आधीच उडतं आणि चुना बोटाने खरवडला तरी निघतो.