काच वाचवण्याच्या दोन तऱ्हा

गेले सहा महिने माझे मन दोन घड्याळांमध्ये अडकले आहे: जेगर-लकुल्त्रचे ‘रिव्हर्सो ट्रिब्यूट स्मॉल सेकंड्स’ आणि ओमेगाचे ‘स्पीडमास्टर प्रोफेशनल’. दोन्हींना हाताने चावी द्यावी लागते आणि दोन्हींच्या तबकडीवर तारीख नाही. बाकी एक आयताकृती व सडपातळ, तर दुसरे गोल व जाडजूड, त्यामुळे त्यांची तुलनाच होऊ शकत नाही, असे एका जाणकार मित्राचे मत पडले. मला मात्र दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो, तो म्हणजे काच फुटू नये म्हणून काय करावे.

रिव्हर्सोच्या उत्तराची सुरुवात भारतात झाली. १९३०च्या सुमारास येथे पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत, आणि ही तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याच्या कानी गेली, असे सांगितले जाते. पुढे रने-आल्फ्रेद शोवो या अभियंत्याने चौकटीत सरकून उलटी होणारी पेटी रचली, जिच्यामुळे काच मनगटाकडे जाते आणि धातूची पाठ वर येते. तिच्या पेटंटचा अर्ज ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये दाखल झाला. आजच्या घड्याळातील ‘कॅलिबर ८२२’ हे यंत्रसुद्धा पेटीच्या आकाराचे आहे. बंद पाठीमुळे ते मालकाला कधीच दिसत नाही, तरीही गोल यंत्र चौकोनी पेटीत बसवण्याची सोपी वाट येथे धरलेली नाही, याचे मला विशेष मोल वाटते.

स्पीडमास्टरने काच लपवली नाही, तर काचेऐवजी हेसालाइट हे पारदर्शक प्लास्टिक वापरले. त्यावर ओरखडे लवकर पडतात, पण ते पॉलिशने घासून काढता येतात, आणि मोठा आघात झाला तरी त्याचा काचेसारखा चुरा होत नाही. अंतराळयानात काचेचे कण तरंगत राहणे किती घातक ठरेल, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या प्लास्टिकची थोरवी कळते. १९५७ साली मोटार शर्यतींसाठी निघालेले हे घड्याळ नासाने १९६५मध्ये मानवी मोहिमांसाठी पात्र ठरवले, आणि अपोलो १३च्या परतीच्या प्रवासात इंजिन १४ सेकंद चालवताना वेळ त्यावरच मोजली गेली.

रोजच्या वापराचा विचार केला, तर एकदा चावी दिल्यावर रिव्हर्सोने ४२ तास आणि स्पीडमास्टरने ५० तास चालण्यातील फरक मला गौण वाटतो, कारण चावी मी रोज सकाळीच देणार. चुंबकत्वाचे तसे नाही, त्याने घड्याळाची चाल बिघडते. दिवसभर माझा हात लॅपटॉपजवळ असतो, आणि ओमेगाचे ‘कॅलिबर ३८६१’ १५,००० गॉसपर्यंतचे चुंबकीय क्षेत्र सोसते. शर्टाच्या बाहीखाली मात्र साडेआठ मिलिमीटर जाडीचा रिव्हर्सो सहज सरकतो, तर सुमारे १३ मिलिमीटरचा स्पीडमास्टर अडतो. शिवाय स्पीडमास्टर हा क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचही असलेले घड्याळ; त्यात भाग अधिक, म्हणून त्याची सर्व्हिसिंगही महाग.

आज रिव्हर्सोला सहजी न ओरखडणारी सफायर काच असते, आणि रोजच्या वापरात पोलोसारखे आघातही होत नाहीत, त्यामुळे पेटी उलटण्याचे मूळ कारण बरेचसे संपले आहे. उरली आहे ती पाठीवर नाव कोरण्याची सोय आणि बोटांना लागणारा चाळा. हेसालाइट आजही आपले काम करत आहे. म्हणून मी स्पीडमास्टर घेणार, तोही सफायरचा नव्हे, ज्याच्या प्लास्टिकच्या मध्यभागी कोरलेले ओमेगाचे चिन्ह भिंग लावल्याशिवाय नीट दिसत नाही, तोच.