सव्वातीन, तीन की पावणेतीन : आमची वाटचाल

नाशिकला शरणपूर रस्त्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही वैद्यकीय संशोधनाच्या सांख्यिकी विश्लेषणाचे काम सुरू केले, तेव्हा येणारे बहुतेक जण महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी असत. प्रबंध सादर करायला पंधरा दिवस उरलेले, एक्सेलच्या एकाच रकान्यात 'एम', 'मेल' आणि 'पुरुष' अशा तिन्ही नोंदी, आणि मागणी ठरलेली : 'सर, पी व्हॅल्यू काढून द्या.' (प्रत्यक्षात फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता सांगणारा आकडा.) त्या कामाला एसपीएसएस हे सांख्यिकीचे सॉफ्टवेअर पुरेसे होते आणि गाइडनाही तेच परिचयाचे होते.

अडचण आली ती पहिल्या बहुकेंद्री अभ्यासाच्या वेळी. रुग्ण किती दिवस दाखल होते याची मध्यका (चढत्या क्रमातील मधली किंमत) आणि चतुर्थके (त्याच क्रमाचे चार समान भाग पाडणाऱ्या किमती) द्यायची होती. एक तक्ता एसपीएसएसमध्ये झाला, दुसरा एका सहकाऱ्याने हौसेने 'आर' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केला, आणि एकाच अहवालात पहिले चतुर्थक दोन ठिकाणी वेगवेगळे छापले गेले. चूक आमची होती आणि ती दाखवली अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांनी, याची बोच अजून आहे. दोन दिवस आम्ही डेटातच दोष शोधत राहिलो. शेवटी १ ते १० हे आकडे घेऊन पाहिले : पहिले चतुर्थक 'आर' ३.२५ सांगते, सॅस हे तिसरे, सशुल्क सॉफ्टवेअर ३ आणि एसपीएसएस २.७५. तिन्ही उत्तरे बरोबर, कारण चतुर्थक काढण्याच्या एकाहून अधिक मान्य रीती आहेत आणि प्रत्येक सॉफ्टवेअरची मूळ निवड वेगळी आहे.

मग एकच सॉफ्टवेअर निवडायचे ठरले. औषध कंपन्यांत काम केलेले स्नेही 'एफडीएला (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला) सॅसच लागते' असे ठामपणे सांगत. प्रत्यक्षात कोणत्याही विशिष्ट सॉफ्टवेअरची सक्ती नसल्याचा खुलासा एफडीएने २०१५ मध्येच केला आहे. डेटा मात्र एक्सपीटी या फाईल-स्वरूपात द्यावा लागतो. ते सॅसचे असले तरी त्याची रचना खुली आहे आणि तशी फाईल 'आर'मधूनही तयार होते. औषध-चाचण्यांच्या सांख्यिकीसाठीच्या १९९८ च्या आयसीएच ई९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची सॉफ्टवेअरबाबत अपेक्षा एवढीच, की सॉफ्टवेअर विश्वासार्ह असावे आणि त्याच्या चाचणीची कागदपत्रे उपलब्ध असावीत.

सॅसचे वार्षिक शुल्क चौघांच्या संस्थेला झेपणारे नव्हते, हेही प्रांजळपणे सांगतो. आम्ही 'आर' घेतले. ते फुकट मिळते, पण चाचणीचे कागद आपल्यालाच तयार करावे लागतात. प्रत्येक प्रकल्पाच्या आरंभी 'आर'ची आणि त्याला जोडलेल्या प्रत्येक पॅकेजची (पूरक प्रोग्रॅमची) आवृत्ती नोंदवून गोठवतो, मुख्य तक्ता दोघे जण एकमेकांचा कोड न पाहता तयार करतात आणि नंतर आकडे जुळवतात. चतुर्थकाची रीत आता विश्लेषण आराखड्यातच लिहिलेली असते, पूर्णांकनाचा नियमही; कारण २.५ चे 'आर' २ करते आणि सॅस ३, आणि असा फरक दुसऱ्यांदा अहवालात सापडायला नको होता.

एसपीएसएसचा एक परवाना मात्र ठेवला आहे, कारण प्रबंधाच्या हंगामात काही गाइडना तक्ते त्याच साच्यात हवे असतात.