८८ वं स्तोत्र आणि आईचा रिपोर्ट

मंगळवार, रात्री

आईचा नवा रिपोर्ट आला. सुधारणा नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, पुढची तारीख दिली. याहून जास्त लिहवत नाही.

झोप येईना म्हणून बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडली. एरवी हात आपसूक 'परमेश्वर माझा मेंढपाळ' या २३ व्या स्तोत्राकडे जातो, आज मुद्दाम ८८ वं काढलं. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, पण बहुतेकांना कुठे ना कुठे वळण आहे. १३ व्यात दावीद राजा 'कोठवर?' असं चारदा विचारतो आणि सहाव्या वचनापर्यंत परमेश्वराचं गीतही गाऊ लागतो. ८८ वं मात्र वळतच नाही. जिवलग दूर गेलेले, देवाने तोंड फिरवलेलं, आणि शेवटच्या वचनातही काळोखच. तरी ते पवित्र शास्त्रात आहे! सांत्वनाच्या दोन ओळी कुणी मागून जोडल्या नाहीत. आज मला याचा फार आधार वाटला. माझ्यासारख्या रात्रीसाठीही देवाने जागा ठेवली आहे.

आणि हे स्तोत्र रचणारा माणूस पहिल्याच वचनात देवाला आपला उद्धारक म्हणतो. पुढचं सगळं गाऱ्हाणं त्याच्याच तोंडावर. रोज सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते, असंही म्हणतो. ज्याच्यावरचा भरवसा उडाला, त्याच्या दारात रोज पहाटे कोण जाऊन बसेल? आई तेच म्हणते. संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून कुरकुर करत होते, तर डोळे मिटूनच म्हणाली, "मला सांगून काय होणार गं, त्याला सांग."

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र आठवले, निर्दोष असून सगळं गमावलेल्या त्या माणसाचे. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढं फार चांगलं केलं त्यांनी. मग बोलू लागले, आणि देवाची बाजू घेऊन ईयोबाचं पाप शोधू लागले. शेवटी, ४२ व्या अध्यायात, देवाचा राग भडकतो तो त्यांच्यावर. माझ्याविषयी योग्य ते ईयोब बोलला, म्हणतो. ईयोबाला आपल्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. देव भेटला मात्र, वावटळीतून बोलला.

म्हणून 'विश्वास कमी पडतोय' असं कुणी म्हटलं की मला फार लागतं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, एकदा नाही, तीनदा. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्याने म्हटलं, पण आपली इच्छा बापाला सांगूनच. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. यांचा काय विश्वास कमी होता?

मला अजून पौलाइतकं शांत होता येत नाही. आई बरी व्हावी हेच मी मागते आहे, आणि उद्याही हेच मागणार.

रविवारी उपासनेनंतर लोक विचारतीलच. 'देवाची दया आहे' एवढंच म्हणून निघून यायचं नाही. सांगायचं, आईला अजून गुण नाही, मी रोज रडून मागते आहे, तुम्हीही आमच्यासाठी मागा.