तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवर निघताना काय काय न्यायचं?

मालवाहू जहाजावर नोकरीला पहिल्यांदाच निघालेली मुलं हे विचारतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त वेळा त्यांच्या घरचे. खरं सांगायचं तर बॅग एका संध्याकाळी भरून होते. माणूस अडकतो तो कागदांवरच्या तारखांमध्ये.

कागद जॉइनिंगच्या दिवशी चालू आहेत ना, एवढंच बहुतेक जण बघतात. हिशेब मात्र उतरण्याच्या दिवसापासून उलटा करायचा. करार ९ महिन्यांचा असेल तर रिलीव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस, लांबेल असं धरून १० मोजा. पासपोर्टची ६ महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय कितीतरी देश आत घेत नाहीत, म्हणजे निघताना तो किमान १६ महिने चालणारा हवा. सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), व्हिसा, एसटीसीडब्ल्यूची म्हणजे जहाजावरच्या प्रशिक्षणाची सर्टिफिकेटं, सगळं याच हिशेबाने तपासा. मेडिकल फार तर २ वर्षं चालतं. ते भर समुद्रात संपलं तर डॉक्टर मिळेल त्या पुढच्या बंदरापर्यंत चालवून घेतात, पण तेही ३ महिन्यांपलीकडे नाही. पिवळ्या तापाची लस आयुष्यात एकदाच लागते. तिचा दाखला मात्र टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. तिकीट हातात आल्यावर लस शोधत फिरणारे दर वेळी असतात.

करार घरीच वाचा, विमानतळावर नको. एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नोकरी लावून दिल्याबद्दल एजंटाला खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकल यांचा खर्च आपल्यावर पडू शकतो; व्हिसाचा मालकावर. करार संपल्यावर घरी पाठवण्याचा खर्चही त्याचाच. 'आधी थोडे भरा, मग बघू' असं कोणी म्हणालं की तिथूनच परत फिरा.

दात दाखवून घ्या, हे मी आग्रहाने सांगेन. जहाजावर १०० किंवा जास्त माणसं असतील आणि सफर ३ दिवसांपेक्षा मोठी असेल, तरच डॉक्टर ठेवायची सक्ती आहे. मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसं. तिथे औषधपेटी एका अधिकाऱ्याकडे असते आणि सल्ला रेडिओवरून किंवा सॅटेलाइट फोनवरून मिळतो. दाढ ठणकायला लागली तर बंदर येईपर्यंत गोळ्या गिळायच्या. रोजची औषधं पूर्ण कराराला पुरतील इतकी, वर एक महिन्याची जास्त, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट न्या. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असू द्या. कोडीन असलेली खोकल्याची औषधं काही देशांत कस्टम्सवाले अडवतात.

आता बॅग. मूळ कागद, दोन दिवसांचे कपडे आणि औषधं हातातल्या बॅगेत. सामान एखाद्या विमानतळावर मागे राहिलं तर जहाज त्यासाठी थांबत नाही. बॉयलर सूट आणि सेफ्टी शूज बोटीवर मिळतात, पण आपल्या मापाचे मिळतीलच असं नाही. माप आधी कळवा. चष्मा लागत असेल तर दोन न्या.

घरच्या कारभाराकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. खोल समुद्रात मोबाइलला रेंज नसते, म्हणजे बँकेचा ओटीपीही येत नाही. पगाराचा किती भाग थेट घरच्या खात्यात जाणार ते करारासोबत लिहून घ्या. सही लागेल अशा कामांसाठी विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र करून द्या. जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर घरी लिहून ठेवा. मालक बदलला की जहाजाचं नाव बदलू शकतं, हा नंबर मोडीत निघेपर्यंत तोच राहतो.

आणि जहाज धक्क्यावर नसून नांगरावर असेल तर लाँचमधून शिडी चढावी लागते. त्यासाठी लाइफजॅकेट घाला, दोन्ही हात मोकळे ठेवा. बॅग दोराने वर जाते. लाँच लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती अगदी वर आली की पाऊल टाका आणि लगेच दोन-तीन पायऱ्या चढा. ती खाली असताना शिडी धरलीत तर पुढच्या लाटेने वर येऊन पाय चिरडते. हात शिडीच्या बाजूच्या दोरांवर ठेवा, पायऱ्यांवर नको. वर पोचल्यावर आधी मस्टर लिस्टवर, म्हणजे धोक्याच्या वेळी कोणी कुठे जमायचं त्या यादीवर, आपलं नाव आणि लाइफबोट बघा, केबिन नंतर. लागोपाठ सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब वाजला, तर पहिल्या रात्रीसुद्धा तुम्हाला तिथेच पोचायचं असतं.