बॉल सोडून सगळीकडे बघायचं

टेक्ससमध्ये शाळेचा अमेरिकन फुटबॉल किती मनावर घेतात हे ऐकून होते, पण डॅलसच्या उत्तरेला अ‍ॅलन गावातलं स्टेडियम पाहिलं तेव्हा खरं वाटलं. १८,००० प्रेक्षकांची सोय, खर्च सहा कोटी डॉलरच्या घरात, आणि खेळणार कोण, तर एका हायस्कूलची पोरं. २०१२ मध्ये उघडलं आणि दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं. आपल्याकडच्या वाचकांना तेवढाच दिलासा.

आमचे चिरंजीव दुसऱ्या शाळेत, दहावीत. ज्युनिअर व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघात आहे, म्हणून सामना गुरुवारी आणि प्रेक्षक बहुतेक आईबापच. शुक्रवारची रात्र मोठ्या संघाची. तो कॉर्नरबॅक खेळतो. नाशिकहून आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "लागलं नाही ना गं त्याला?" लागतं अधूनमधून. पण या खेळात अभ्यास किती असतो ते आईला पटवून देणं मला अजून जमलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

समोरच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. त्यांचा लांबचा पास अडवायला मागे आणि कडेला जे उभे राहतात ते डिफेन्सिव्ह बॅक: दोन कॉर्नर, दोन सेफ्टी, कधी पाचवा निकेल. त्यांची अडचण अशी की रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, पूर्ण वेगात अंगावर येतो आणि आपण कुठे वळणार हे फक्त त्याला ठाऊक असतं. कॉर्नर बिचारा त्याच्याकडे तोंड करून उलटा पळत असतो. नुसत्या वेगावर हे भागत नाही. बॉल हलायच्या आधीच निम्म्या शक्यता खोडून टाकाव्या लागतात.

हे खोडणं कसं चालतं ते मी आमच्या जेवणाच्या टेबलावर बघते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ कोच हडल नावाच्या साइटवर टाकतात. इथे सगळे त्याला नुसतं 'फिल्म' म्हणतात. स्नॅपच्या, म्हणजे बॉल हलून प्ले सुरू होण्याच्या, क्षणभर आधी मुलगा व्हिडिओ थांबवतो आणि माझी परीक्षा घेतो. मी अर्थातच बॉलकडे बघत असते. "आई, बॉल सोड गं. हा कुठे उभा आहे बघ." डावीकडचा रिसीव्हर साइडलाइनला अगदी खेटून उभा. म्हणजे बाहेर वळायला त्याला जागाच नाही. तो आत कापणार किंवा सरळ पळणार. तोच आत सरकून, बाकीच्यांच्या जवळ उभा असता तर बाहेर वळण्याचा संशय आधी घ्यायचा. मग डाऊन बघायचा, म्हणजे चारपैकी कितवा प्रयत्न ते. तिसरा डाऊन, सहा यार्ड हवेत. रिसीव्हर चार यार्डांवर कशाला थांबेल? सात-आठवर वळेल. दहा-बारा सेकंदांच्या क्लिपवर हा मुलगा पाच मिनिटं घालवतो. इतिहासाचं पुस्तक एवढा वेळ उघडं राहिलेलं मी पाहिलेलं नाही.

ही फसवाफसवी दोन्हीकडून चालते. स्नॅपच्या आधी एखादा रिसीव्हर उगाच या टोकाकडून त्या टोकाला जातो, ते बघायला की त्याच्यामागे कोण धावतं. कोणी पाठोपाठ गेला तर बहुधा मॅन, म्हणजे एकास एक. सगळे जागच्या जागी थोडे सरकले तर झोन, म्हणजे ज्याने त्याने आपापला भाग सांभाळायचा. त्यामुळे हुशार सेफ्टी शेवटच्या क्षणापर्यंत खोटं बोलत उभा राहतो. दोघं खोल उभे दिसतात आणि स्नॅप होताच एक खाली धावत येतो.

बॉल हलल्यावर बघायच्या जागा बदलतात. सेफ्टी आधी समोरच्या धिप्पाड लाइनमनकडे बघतो. ते वाकून पुढे घुसले तर रन, म्हणजे बॉल घेऊन पळणार. उभे राहून मागे सरकले तर पास, कारण पासच्या वेळी त्यांना फार पुढे जायची नियमानेच मुभा नाही. कॉर्नर रिसीव्हरच्या कमरेवर नजर ठेवतो. डोकं, खांदे, डोळे सगळं चकवतं, कंबर सहसा नाही. माझे बाबा कबड्डीत कोपरा सांभाळायचे. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं, असं ते सांगायचे. नातवाचं ऐकून ते फोनवर एवढंच म्हणाले, "मग यात नवीन काय?"

नवीन हे की ज्ञान उलटतंही. मागच्या हंगामात आमच्या पठ्ठ्याने स्लँट, म्हणजे आत तिरकं कापणं, बरोबर ओळखला, बॉलवर झेपावला, आणि रिसीव्हर आत एक पाऊल टाकून सरळ पळत सुटला. सहा गुण. समोरच्यांनीही याची फिल्म पाहिली होती. कोच रागावले नाहीत. कॉर्नरने मागचा प्ले विसरायचा, एवढंच म्हणाले. माझ्या मते ही सवय लागायला रूट, म्हणजे रिसीव्हरच्या पळण्याच्या वाटा, पाठ करण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

घोकलेलं कामी कसं येतं याचं उदाहरण इथले कोच हमखास देतात ते २०१५ च्या सुपर बोलचं, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याचं. १ फेब्रुवारी, ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना. न्यू इंग्लंड २८, सिअ‍ॅटल २४. सिअ‍ॅटलला एकच यार्ड हवा, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ शिल्लक. त्यांच्या मार्शॉन लिंचच्या हाती बॉल देऊन घुसवतील अशीच सगळ्यांची अटकळ. न्यू इंग्लंडचा माल्कम बटलर हा ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणीही न निवडलेला नवखा कॉर्नर. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे दिसले आणि त्याने ओळखलं, कारण सरावात याच प्लेवर तो हरला होता. पुढच्या रिसीव्हरला ब्रँडन ब्राउनरने जागीच थोपवलं आणि बटलर मागच्याच्या पुढे घुसून बॉल घेऊन गेला. एनएफएलमधलं त्याचं ते पहिलंच इंटरसेप्शन. थोपवणाऱ्या ब्राउनरचं नाव मात्र फार कोणी घेत नाही, हे मला खटकतं.

सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. उठलात तर स्नॅपच्या आधी फक्त मागचे दोघं बघा: दोन्ही सेफ्टी खोल आहेत की एकच? स्नॅपनंतर ते चित्र बदललं का? अडचण एवढीच की टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि नेमके हे दोघं चौकटीबाहेर राहतात. म्हणून रिप्ले चुकवू नका, चहा जाहिरातीत टाका. जाहिराती भरपूर असतात.